एकट्या माणसाची चूल

माझा धाकटा भाऊ नवं भांडं घेतलं की त्यावर बायकोचं नाव घालून घ्यायचा. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, ती रीतच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हा पठ्ठ्या स्वतःच्या पगारातून साधा झारा आणला तरी इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर हातोडी-छिन्नी घेऊन बसणाऱ्या माणसापुढे उकिडवा बसायचा आणि झाऱ्याच्या दांड्यावर 'सौ.' आणि पुढे तिचं नाव टक्‌टक् करत उमटवून घ्यायचा. अशा वेळी बाईच्या नावापुढे नवऱ्याचंही नाव घालतात. याला ते नको असायचं. नाव घालणारा अक्षरामागे पैसे घेतो म्हणून हा काटकसर करतो, असं मी बरेच दिवस समजत होते. तसं नव्हतं. त्याला नुसतं तिचंच नाव बघायला आवडायचं.

"काहून गा," मी त्याला म्हणायचे, "भांडं पळून जाईन म्हणून भेऊन राहिला का बायको पळून जाईन म्हणून?"

तो हसायचा. फार बोलणारा माणूस तो कधीच नव्हता.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शहराच्या महाल भागात आमच्या शेजारच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन तो राहायचा. अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो बिल्ट्या फाडायचा, म्हणजे कोणाचा कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये चढला त्याची पावती लिहून द्यायचा. ट्रक भरला की सुटी, नाही भरला की नाही. कधी संध्याकाळी सहाला घरी, कधी दुसऱ्या दिवशी. पगार बेताचा, पण बेताच्या पगारात संसार कसा उभा करायचा ते त्याला आणि त्याच्या बायकोला छान जमलं होतं. प्रत्येक दिवाळीला घरात एखादी मोठी वस्तू यायची. शिवणयंत्र आलं, कुकर आला, लोखंडी कपाट आलं. कपाटावर छिन्नीनं नाव घालता येत नाही म्हणून त्यानं पेंटरकडून घालून घेतलं. तांबड्या रंगात.

लग्न का मोडलं, हे मला अजूनही लोक विचारतात. दारू नाही, मारझोड नाही, दुसरी बाई नाही, मग मोडलं कसं? मला या प्रश्नाची चीड येते. जणू काही मोडायला तेवढीच कारणं असतात. सात वर्षं ते दोघं एका घरात दोन बाजूंना तोंडं करून राहिले, एवढंच मला माहीत आहे. एकदा भावजय माझ्याकडे गव्हाची चाळणी मागायला आली होती आणि बोलता बोलता म्हणाली, "ताई, हे मले भांडी आणून देतात वं. बोलत नाहीत." मी तिला समजावलं, पुरुष असेच असतात, वगैरे. जे सगळ्या बायका एकमेकींना सांगतात तेच. ती ऐकून घेऊन चाळणी घेऊन गेली. दोन महिन्यांनी सहा वर्षांच्या पोरीला घेऊन ती वर्ध्याला भावाकडे गेली आणि परत आली नाही.

मग एका रविवारी माझ्या घरी बैठक बसली. कोर्टात जायचं नाही यावर दोन्हीकडच्यांचं एकमत होतं. वकील दोघांनाही धुऊन काढतील, असं सगळे म्हणत होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडून आमचे काका, तिच्याकडून तिचा भाऊ, आणि दोन्हीकडून नातं लागणारे एक म्हातारे निवृत्त मास्तर. भावजय भिंतीला टेकून बसली होती, पोरगी तिच्या मांडीवर. मी चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कारण मला बैठकीत बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी ऐकल्याशिवाय राहणार नव्हते.

पोरगी आईकडे राहील. तिच्या खर्चासाठी आणि आईसाठी माझा भाऊ दर महिन्याला पगाराचा निम्मा भाग मनीऑर्डरनं पाठवील. हे अर्ध्या तासात ठरलं. भाऊ प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग सामानाचा विषय निघाला आणि काकांना वाटलं, आता भांडण होणार. वडीलधाऱ्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "वाद काहून पाहिजे? ज्याच्या नावाचं भांडं त्यानं न्यावं. बाकीचं इथंच राहीन."

तिचा भाऊ हो म्हणाला. मास्तर हो म्हणाले. आयुष्यभर ताटात जेवलेल्या या माणसांपैकी एकानंही ताट उलटं करून त्यावर काय लिहिलंय ते कधी पाहिलं नव्हतं.

मी दारातूनच बोलले, "थांबा काका. त्या घरात याच्या नावाचा एक चमचाही नाही. सगळ्यावर तिचंच नाव आहे."

काकांना आधी पटेचना. मग त्यांनी एक तोड काढली. "मंग मधात नवऱ्याचं नाव असंलच ना? म्हणजे निम्मं याचं झालं."

"मधात माझं नाव नाही," भाऊ म्हणाला. "मीच नको म्हटलं होतं."

"असं काहून केलं गा तू?"

मी त्याच्या वतीनं बोलायला गेले, की हे सगळं याच्या पगारातून आलंय, दुकानदाराला विचारा, तर त्यानं हात वर केला. "असू दे ताई. नाव मीच घातलं ना. आता कोणाचं म्हणू?"

भिंतीपासून भावजयीचा आवाज आला. "मले सगळं नको." तिचा भाऊ तिला म्हणाला, "तू चूप बस वं." तिचा भाऊ वाईट माणूस नव्हता. कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी काम करायचा, घरात पाच पोरं होती, आणि आता वरून बहीण आणि भाची. भरलेला संसार बरोबर आला तर घरात तिला तोंड वर करून राहता येईल, असा त्याचा हिशेब असावा. हे मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी त्याच्या नावानं मनात बोटं मोडत होते.

शेवटचा मुद्दा मास्तरांनी काढला. पोरीनं उन्हाळ्यात बापाकडे जावं की नाही? जावं, ते म्हणाले, मे महिनाभर. पण पोरीची जात, एकट्या माणसाबरोबर खानावळीत जेवायची नाही. बापाच्या घरी चूल पेटती असली तर न्यावी, नसली तर नाही. मी पटकन म्हणाले, "माझ्याकडे राहू द्या ना. मी आत्या आहे तिची." तर मास्तर म्हणाले, आत्याचं घर हे तिच्या सासरचं घर. बापाची लेक असताना तिनं कोणाच्या दारात आश्रितासारखं काहून राहावं? माझी सासू आतल्या खोलीत होती. तिनं हे ऐकलं आणि तिला ते पटलेलं दिसलं.

सगळ्या बैठकीत माझ्या भावानं फक्त एकच प्रश्न विचारला. "मे महिना म्हणजे पूर्ण महिना ना?"

पूर्ण महिना, मास्तर म्हणाले. बाप आपल्या पोरीला उन्हाळ्याच्या सुटीत घरी आणू शकेल की नाही, हे आता एका चुलीवर येऊन ठेपलं होतं.

सामान वर्ध्याला नेण्याचं भाड्याचं काय, असा प्रश्न आला तर तोही त्यानंच सोडवला. गोदामातून वर्ध्याकडे अर्धा रिकामा जाणारा ट्रक त्यानं बघून ठेवला आणि स्वतःच्या संसाराची बिल्टी स्वतःच फाडली. पाठवणार म्हणून त्याचं नाव, घेणार म्हणून तिचं, माल म्हणून 'घरगुती सामान'. मी त्याच्या खोलीवर गेले तेव्हा मागे उरलेलं सामान बघून मला हसावं की रडावं ते कळेना. एक खाट, पाटा-वरवंटा, आणि मुरमुऱ्याचा पत्र्याचा डबा. दगडावर, लाकडावर आणि पातळ पत्र्यावर ती छिन्नी चालत नाही म्हणून तेवढं वाचलं. रॉकेलचा पितळी स्टोव्हसुद्धा गेला होता. त्याच्या टाकीवर तिचं नाव होतं.

"आता चहा कशावर करशीन?" मी विचारलं.

"टपरीवर पेतो," तो म्हणाला.

नवरा-बायको वेगळे झाले की बाईचे हाल होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते खरंच आहे. पुरुष मात्र मोकळा झाला असं म्हणतात. मोकळा! मला त्या शब्दाचा अजून संताप येतो. भाऊ कसा मोकळा झाला ते मी पाहिलं आहे.

आधी घरमालकानं खोली मोकळी करायला सांगितलं. वर सुना-लेकी राहतात, घरात बाई नसलेला भाडेकरू आम्हाला नको, असं त्याचं म्हणणं. मग किराणावाल्यानं महिन्याचं खातं बंद केलं. माणूस तोच, नोकरी तीच, आजवर एकदाही उधारी थकलेली नव्हती. पण दुकानदार म्हणाला, "घरी बाई नाही तर माल कोणाजवळ पाठवू? आणि पैसे मागाले कोणाजवळ जाऊ?" गोदामातल्या कारकुनांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे आणि एकानं उचलायचे. तिथंही त्याला हळूच वगळलं. एकटा माणूस आहे, उचल घेऊन उद्या कोणत्या ट्रकमध्ये बसून निघून गेला तर? रोज ज्या ट्रकांच्या बिल्ट्या तो लिहायचा त्याच ट्रकांत बसून पळून जाईल अशी भीती त्याच्या मित्रांना वाटली. गोदामाच्या मालकानं पगारावर उचल द्यायची बंद केली, तीही याच कारणानं.

तेव्हा मला कळलं की बाजारात माझ्या भावाची जी पत होती ती त्याची नव्हतीच. उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईची होती. ती उंबऱ्यातून गेली आणि पत तिच्या पाठोपाठ गेली.

त्याला वाडीत, गोदामांच्या मागे, दोन ट्रक ड्रायव्हरांबरोबर एक खोली मिळाली. जेवण खानावळीत. आणि इथं खरी गंमत आहे. निम्मा पगार वर्ध्याला गेला तरी एका माणसाला उरलेला निम्मा पुरायला हवा, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण घरी एका चुलीवर तिघांचं जेवढ्यात भागायचं तेवढ्यात खानावळीत एकाचं भागत नव्हतं. कपडे धोब्याकडे, चहा टपरीवर, बटण तुटलं तर शिंप्याकडे. ताप आला तर बाहेरून दूध, बाहेरून डबा, आणि वर पगार कापला तो वेगळाच. हे गणित मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी स्वतः महालातल्या शाळेत पोरांना गणित शिकवायचे!

दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. रिकाम्या हातानं कधीच नाही. कधी पावशेर फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, कधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. मी ओरडायचे, "घरची भाजी तरी फुकट खा ना गा!" तो सांबार मोरीत नेऊन धुवायचा. गालफडं बसली होती. पण वर्ध्याची मनीऑर्डर पगाराच्या दिवशीच जायची, पोस्टात जाऊन मगच तो खानावळीचे पैसे भरायचा. एखाद्या महिन्यात खानावळ अर्धीच भरली की उरलेले पंधरा दिवस तो एकवेळ जेवायचा. हे मला त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडे रविवारी तो ज्या तऱ्हेनं भात कालवायचा त्यावरून मला समजलं.

काकांनी एकदा सोपा उपाय सुचवला. "दुसरी कर. चूल आपोआप पेटते. भंडाऱ्याकडची एक मुलगी आहे पाहण्यात."

"आधी पहिलीचं पाहू द्या," भाऊ म्हणाला. काका चिडून निघून गेले आणि दोन महिने आले नाहीत. मला बरं वाटलं.

त्याच्या डोक्यात फक्त मे महिना होता. दिवाळी झाली आणि त्याचा जीव टांगणीला लागला. चूल हवी म्हणजे खोली हवी, आणि वाडीतली ड्रायव्हरांची खोली मास्तरांना चालणार नव्हती. ट्रक लवकर भरला की तो गल्ल्या हिंडायचा. खोली आवडायची, भाडं जमायचं, आणि मग प्रश्न यायचा, घरी कोण कोण? एवढ्यावर बोलणं संपायचं.

शेवटी माझ्या नवऱ्याच्या ओळखीनं लकडगंजात एक खोली निघाली. एका आरा गिरणीच्या मागच्या अंगाला, दिवसभर लाकूड चिरल्याचा आवाज, नाकातोंडात भुसा. मालकीण म्हातारी होती. तिनंही तोच प्रश्न विचारला. मी पुढे होऊन म्हटलं, "मी बहीण आहे. दिवसाआड येईन." शाळा, सासू आणि दोन पोरं सांभाळून महालातून लकडगंजला दिवसाआड जाणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. पण शब्द दिला तो दिला.

खोली मिळाली, आता चूल. नवा स्टोव्ह घ्यायचा तर पैसे नव्हते, आणि रॉकेल तर त्याहून अवघड. रेशनकार्डावर आता एकच नाव, त्यावर मिळणारं रॉकेल चार दिवसही पुरायचं नाही. पण लकडगंजात एक गोष्ट ढिगानं पडलेली असते, लाकडाचा भुसा. तिथली गरीब माणसं भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करतात. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, खाली एक भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची. मधे जी पोकळी राहते तिच्यात जाळ धरतो आणि दोन वेळचा स्वयंपाक होतो. सैल भरला तर भुसा ढासळतो, फार ठासला तर धुमसतो. भावाला ते जमायला महिना लागला. दर दोन दिवसांनी मी जायचे तेव्हा त्याचे डोळे लाल, भुवया जळालेल्या आणि वरणाला धुराचा वास.

भांडी मी माझी दिली. एक गंज, म्हणजे भाताचं पातेलं, तवा, परात, चार ताटं. त्यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं नाव होतं. "मे महिना झाला की परत देतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "ठेव गा, दोन नावं आहेत, कोणाचं म्हणून भांडण लागणार नाही." तो खूप दिवसांनी मोठ्यानं हसला.

पोळ्या करायला मी त्याला शिकवलं. बिल्ट्या लिहिणारा हात, लाटणं धरता धरेना. पहिल्या आठवड्यात पोळी कुठल्याही आकाराची व्हायची. एप्रिल सरता सरता ती गोल होऊ लागली आणि फुगूही लागली. फुगली की तो माझ्याकडे बघायचा. मी शाळेत असते तर त्याला शाबासकी दिली असती. घरी होते म्हणून "पीठ जास्त लावलं" असं म्हणायचे.

मे लागायच्या आधी मास्तर स्वतः आले. भर उन्हात वर्ध्याहून. त्यांनी खोली पाहिली, माठ पाहिला, मालकिणीशी बोलले, आणि म्हणाले, "पेटव पाहू." भावानं शेगडी पेटवली. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या. मास्तर मुकाट्यानं जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "ये घेऊन पोरीले." भाऊ मागे वळून भुसा सारखा करत बसला, बराच वेळ. मला त्याची पाठ दिसत होती.

पोरगी आली त्या दिवशी मी आधीच जाऊन बसले होते. वर्षभरात ती उंच झाली होती आणि वाळली होती. मला वाटलं, उंच झाली म्हणून वाळल्यासारखी दिसत असेल. भावानं पाट मांडला, ताट वाढलं. आमरस केला होता. वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं एवढा खर्च केला होता. पोरीनं एक पोळी खाल्ली. तो दुसरी वाढायला गेला तर तिनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"नको बाबा. पोट भरलं."

"एवढ्यात? काहून, आवडलं नाही का?"

"आवडलं." ती परातीतल्या पोळ्यांकडे बघत होती. "तुम्ही जेवले का? आत्या जेवली का?"

"सगळ्यांले आहे वं, बेटा. घे."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग हळूच म्हणाली, "मामाकडे वाढाले आले की पोट भरलं म्हणायचं असते. आईनं सांगितलं. आई पण तसंच म्हणते."

मी वर्षभर माझ्या भावजयीला मनातल्या मनात शिव्या देत होते. भरलेला संसार घेऊन गेली, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येते, आणि माझा भाऊ एकवेळ जेवतो, असं मी भेटेल त्याला सांगत होते. पोरीला मी विचारलं, आई काय करते? मशीनवर शिवते, ती म्हणाली. पण मशीन मामीच्या खोलीत आहे, मामीचं काम असलं की आईला बसता येत नाही. पैसे मामा घेतात, घरात नऊ माणसं आहेत ना. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. आपल्या घरची माहिती द्यावी तसं सांगत होती. एका चुलीचे दोन भाग केले आणि दोन्हीकडे कोणीच पोटभर जेवत नव्हतं. माझा राग कोणावर काढावा ते मला कळेना, इतका राग मला त्या दिवशी आला.

भावानं पोरीचे हात ताटावरून बाजूला केले आणि पोळी वाढली, त्यावर रस घातला. ती खाईपर्यंत तो समोर बसून राहिला.

तो महिना मात्र मजेत गेला. त्यानं वर्षभर सुटी साठवून ठेवली होती. बापलेक सकाळी उन्हं चढायच्या आत भुसा आणायला जायचे, बाटली कोणी ओढायची यावर त्यांचं भांडण व्हायचं. पंधरा-वीस दिवसांत पोरगी न विचारता पोळी मागायला लागली. "अजून," असं म्हणायची, नुसतं तेवढंच, आणि ताट पुढे करायची. त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. तो बोलू लागला होता, हेही मला नवलाचं वाटलं. कोणता ट्रक कुठं जातो, कलकत्त्याला किती दिवसांनी पोचतो, वाटेत कोणत्या नद्या लागतात, असलं काहीबाही तो तिला सांगायचा आणि ती हुं हुं करत जेवायची. हे बोलणं याच्या पोटात कुठं दडलं होतं, असं मला वाटायचं. आणि भावजयीची आठवण यायची.

जून लागला तसा तो तिला सोडायला वर्ध्याला गेला. दोन दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हातातली गोणी त्यानं खाली ठेवली. गोणीत माझा गंज, तवा, परात, ताटं, सगळं घासूनपुसून.

"परत कशाले आणलं? पुढच्या मे महिन्यात लागीन ना."

"खोली सोडली," तो म्हणाला. "वाडीले जातो परत. ड्रायव्हर लोकांजवळ जागा रिकामी आहे."

मला वाटलं, मालकिणीनं काढलं. पण तसं नव्हतं. वर्ध्यात तिच्या भावाच्या घराजवळ एक खोली होती. ती त्यानं पाहिली, भाडं ठरवलं, आणि भावजयीला सांगितलं की पोरीला घेऊन तिथं वेगळी राहा, मशीन तिथं ठेव, तुझी भांडी तिथं लाव. भाडं मी देईन, मनीऑर्डरच्या वर. लकडगंजच्या खोलीचं भाडं आणि मे महिन्यासाठी जमवलेल्यातलं उरलंसुरलं सगळं त्यानं तिकडं आगाऊ देऊन टाकलं होतं.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, अन् तुमची चूल?" त्यानं रिकाम्या गोणीची घडी घातली. "मी म्हटलं, मले खानावळ चालते."

मी लाटणं परातीत आपटलं. वर्षभर काय चाललं होतं मग? भुवया जाळल्या, पोळ्या शिकला, मास्तरांपुढे परीक्षा दिली, मी महालातून लकडगंजला तंगडतोड केली, ते सगळं कशासाठी? माझा आवाज इतका चढला की सासू बाहेर आली. "तुले समजते का काही? चूल नाही तर पोरगी नाही, असं कबूल करून बसला ना तू? पुढच्या मे महिन्यात कुठं आणशीन तिले? मास्तर आपला शब्द सोडणार नाही. एकच महिना होता गा तुझ्याजवळ, वर्षातला एकच महिना, तोही देऊन आला?"

तो खाली बसला होता. माझ्या ओरडण्याची त्याला लहानपणापासून सवय. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "मे महिना वर्षातून एकदा येते, ताई. तिले भूक रोज लागते."

मी पोळपाट तसाच सोडून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. सासू त्याला म्हणत होती, जेवून जा. मी बाहेर आले तेव्हा तो दारात चप्पल घालत होता. दुपारचा ट्रक लागला असेल, बिल्टी फाडायची आहे, म्हणाला, आणि गेला.